शोभाताईंचा पत्ता

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हे तेवढं बाजूला ठेवते, जणू त्याला ते ठाऊकच नाही! तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगू? नुसतं लिहायला घेतलं तरी आधी उठून दाराला कडी लावून आले.

मी रायपूरची. वडील रेल्वेत होते, वर्ध्याहून बदलीवर आले आणि इथलेच झाले. मी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या केंद्रात बसून लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून द्यायचे. कंपनी एक, पण तिची नावं तीन. एका नावानं आम्ही रिटर्न भरायचो, दुसऱ्या नावाचं सॉफ्टवेअर दुकानदार वापरायचे, तिसरं नाव कर्ज मिळवून द्यायचं. रंग वेगळे, पाट्या वेगळ्या. लोकांना वाटायचं, तीन कंपन्या आहेत. आत मात्र सगळी माहिती एकाच ठिकाणी जमा व्हायची.

अर्थात, परवानगी घेऊनच — कागदावर तरी. फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न यायचा: ही माहिती आमच्या इतर सेवांना वापरू द्यायची का? उत्तर ग्राहकानं द्यायचं. पण स्क्रीन असायची आमच्याकडे तोंड करून. आम्ही सगळ्याच मुली न विचारता 'हो' दाबून मोकळ्या व्हायचो. 'नाही' दाबलं की जुनं काहीच आपोआप भरलं जायचं नाही, सगळं हातानं टाइप करत बसा. शिवाय ज्याचे 'हो' कमी, त्याला साहेब शनिवारी सगळ्यांसमोर उभं करायचे. मी एकदा उभी राहिले होते. पुन्हा राहायची माझी हिंमत नव्हती.

शोभाताई आल्या त्या रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यात. बाहेर ही गर्दी. त्यांची-माझी ओळख इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवातली, आणि रायपुरात तेवढी पुरते. गोल बाजारात कुणी मराठी बोलताना ऐकू आलं तरी आपली मान वळते. म्हणून तर त्या घराजवळचं केंद्र सोडून माझ्याकडे आल्या — आपली पोट्टी आहे म्हणून.

त्यांनी नवऱ्याला सोडलं होतं. त्याचं रायपुरातच, भनपुरीत ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, आणि कागदोपत्री त्यात ताई भागीदार. त्याच्या मारानं ताईंचं डाव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं झालेलं. आता त्यांनी पुरानी बस्तीत खोली घेतली होती, नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात नोकरी धरली होती. ही खोली कुठे आहे हे फक्त त्यांच्या भावजयीला, कुंदा वहिनींना, माहीत होतं. आणि त्या दिवसापासून मला.

"नवा पत्ता देऊन राहिली मी," त्या हळूच म्हणाल्या. "त्याले समजला तं जीवच घेईन माहा. कुठी जाणार तं नाही ना हे?"

"नाही ताई. इथंच राहते," मी म्हटलं.

मी त्यांचा पॅन नंबर टाकला आणि स्क्रीनवर आलं — जुनी माहिती सापडली. खाली भनपुरीच्या दुकानाचं नाव. ते दुकान आमच्याच कंपनीचं दुसऱ्या नावाचं सॉफ्टवेअर वापरत होतं. म्हणजे इथे 'हो' म्हटलं की नवा पत्ता, नवा फोन नंबर तिकडेही जाणार. हे मला अर्धवट माहीत होतं असं म्हणू? नाही. पूर्ण माहीत होतं. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, मी वहीत लिहूनही घेतलं होतं. ताई समोर बसल्या होत्या, त्यांना स्क्रीन दिसत नव्हती. बाहेर रांग ओरडत होती. मी 'हो' दाबलं.

तीन आठवड्यांनी नवरा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, देवळासमोर उभा होता. बोलला नाही, हात उगारला नाही. ताई ऑफिसला निघाल्या तेव्हा नुसता पाहत राहिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी फोन आला, त्यांच्या नव्या नंबरवर. "खोली लहानच भेटली तुले," एवढंच म्हणाला.

त्या धावत माझ्याकडे आल्या. मी दिलेलं पाणी त्यांच्या साडीवर सांडलं. त्याले कसं समजलं, कोणी सांगितलं — पुन्हा पुन्हा तेच. आणि मी? दोनच दिवसांपूर्वी तो गल्लीत उभा असल्याचं ताईंनी फोनवर सांगितलं तेव्हाच मी दुकानाचं पान उघडून पाहिलं होतं. ताईंच्या नावापुढे नवा पत्ता, नवा फोन. दुकानाला गेलेला निरोप — आपल्या भागीदाराची माहिती बदलली आहे. आणि त्याखाली, बदल कुणी केला, तर माझा कर्मचारी नंबर. माझी पाचावर धारण बसली होती. नोकरी जाईल, पोलीस येतील, मंडळात तोंड दाखवता येणार नाही... ताईंचं काय होईल हे मनात आलं, पण सगळ्यात शेवटी आलं.

गप्प बसले असते तरी एक वेळ... पण मी गप्प बसले नाही. त्या म्हणाल्या, "कुंदा वहिनीशिवाय कोणाले माहीतच नव्हतं वं." आणि मी म्हटलं, "निघालं असेल त्यांच्या तोंडून."

हे मी म्हटलं. कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

ताई भावाच्या दारात जाऊन वहिनींना नको ते बोलल्या. वहिनी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेत राहिल्या. आठवड्याभरात ताई रायपूर सोडून गेल्या. जाताना नव्या जागेचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून त्यांनी माझ्या हातात दिला. आता तुह्यावरच भरोसा आहे म्हणाल्या. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. प्रत्येक वेळी घंटा वाजली की वाटतं, कळलं त्यांना. मी फराळाचं विचारते, आणि त्या माझी चौकशी करतात.

ती नोकरी मी पुढे सोडली. भीती काही सुटली नाही. मला त्या माणसाची भीती नाही वाटत, तर ताईंची वाटते, आणि त्याहून जास्त कुंदा वहिनींची. त्या आता थकल्या आहेत. परवा बाजारात भेटल्या, भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांनी माझं मनगट धरलं.

"शोभा जिवंत तं असन ना वं कुठी?"

"मले काय माहीत, वहिनी," मी म्हटलं, आणि त्यांची पिशवी उचलून रिक्षात ठेवून दिली.