विझलेल्या ताऱ्याचं वजन

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा वजनकाट्यावर एक बाबू होता. ट्रक तोलून झाला की तो शेडच्या पत्र्यावर खडूनं गणित मांडायचा आणि बोटं पँटला पुसायचा. विझलेला तारा स्वतःचं वजन कुठवर पेलू शकतो, हे त्याला शोधायचं होतं. इंटरनंतर त्याचं कॉलेज बंद पडलं होतं; हे गणित मात्र चालूच होतं.

एकदा रशियन इंजिनिअर दुभाष्याला घेऊन आला. पत्र्यापाशी थांबून हसला, खडूनं खाली एकच ओळ लिहिली, काहीतरी बोलला, दुभाष्यानं ते बाबूला हळूच समजावलं, आणि साहेब बाबूची पाठ थोपटून गेला. आम्हा हमालांना वाटलं, साहेबानं शाबासकी दिली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर ओरडलो, "बाबूजी, आता पेढे पाहिजे!"

बाबू बाहीनं पत्रा पुसू लागला. जवळ जाऊन मी विचारलं, "कावून पुसून राहिले जी? साहेबाले तर आवडलं."

"साहेब म्हणते, हे केव्हाचंच सुटलं आहे. मी लहान होतो तेव्हाच, आपल्याच देशातल्या माणसानं सोडवलं." मग हळूच म्हणाला, "बाकीच्याइले नका सांगू, भाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच पेढे आणले. माझ्या हातावर पेढा ठेवताना त्यानं वर पाहिलं नाही. सगळे बघत होते, म्हणून मला तो खावा लागला.