दत्ताच्या घरचं घुंगरू

जे आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही बोललो नाही, ते आधी सांगून टाकतो. दत्ताची दूध संघातली नोकरी माझ्या एका वाक्यामुळे गेली. गेल्या महिन्यात तो वारल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "झोपेतच गेले, भाऊजी," सुनंदावहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा शांत वाटला आणि दुःखाच्या आधी माझ्या मनात दुसरंच आलं... जाण्याआधी दत्तानं यांना माझ्याबद्दल काही सांगितलं असेल का?

आम्ही दोघंही शिरूर कासारकडचे. संघात तो शीतकरणाची यंत्रं सांभाळायचा, मी ऑफिसात सुपरवायझर. ते दुष्काळाचं वर्ष होतं. जनावरं छावणीत, दूध आटलेलं, त्यात संघाची निवडणूक तोंडावर. कोण कुणाबरोबर चहा पितो यावरनं माणसं मतं मोजायची. अशात मला दिसलं की दत्ता दर रविवारी दुपारी गोणपाटात बर्फाची लादी गुंडाळून मोटारसायकलवर नेतो. वाटलं, हा संघाचा बर्फ बाहेर विकतोय. एकदा मागं गेलो. वाटेत तो बर्फाच्या कारखान्यावर थांबला, खिशातले पैसे देऊन लादी घेतली आणि बीडच्या बायपासपलीकडच्या प्लॉटिंगमधल्या आपल्या घरी गेला. दारात चार-पाच गाड्या, खिडक्यांना जाड पडदे. मी कोपऱ्यावर उभा राहिलो तर तोच बाहेर आला. "उन्हात काहून उभा हाईस बे? संशयच घ्यायचा तर सावलीत बसून घे."

आत काही जोडपी चहा पीत बसली होती. कुणी मास्तर, कुणी नर्स, कुणी औषधाच्या दुकानातला. दत्तानं काहीच आडपडदा न ठेवता सांगितलं. दोघांच्या राजीखुशीनं एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. दुसऱ्यानं अंगाला कधी बर्फ लावायचा, कधी मोरपीस, कधी खरबरीत गोणपाट. पुढचा स्पर्श कसला हे कळत नाही, त्या न कळण्यातच सगळं सुख. कुणाला हात बांधून घ्यायला आवडायचं. तो आणि वहिनी पुण्याच्या एका उपनगरात अशा माणसांत बसून हे शिकून आले होते. इथं सगळे जमले की शिकणं, बोलणं आणि हातापायांपुरतं दाखवणं; बाकी ज्याचं त्याच्या घरी. नियम मात्र संघापेक्षा कडक. पिऊन आलेला दारातून परत. आधी विचारायचं, मधेही विचारायचं. दोरीखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत, कात्री हाताशी पाहिजे, बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. आणि घुंगरू. दत्ताच्या वडिलांनी बैल विकला तेव्हा त्याच्या माळेतलं एक घुंगरू दत्तानं काढून ठेवलं होतं. पट्टी बांधलेल्यानं ते मुठीत धरायचं. हातातून पडलं की सगळं जागच्या जागी बंद. का पाडलं, हे विचारायचं नाही.

मी ऐकत होतो आणि माझे कान तापले होते. कारण हे मला हवं होतं... लग्नाच्या आधीपासून. फक्त याला काही नाव असतं, ते करणारी सभ्य माणसं असतात, आणि ती बायपासपलीकडं राहतात, हे माहीत नव्हतं. बायकोला, मंगलला, सांगायला मला कितीतरी दिवस लागले. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तितं न्हाई म्हणलं तर थांबत्यात का?" मी म्हटलं, थांबतात. "मग चला. घरात तर न्हाई म्हणायची सोयच न्हाई." हे वाक्य मला आजही टोचतं. पहिल्याच दिवशी मंगलनं मुद्दाम घुंगरू पाडून पाहिलं. सगळे थांबले. दत्तानं तिला पाण्याचा तांब्या दिला. ती एवढी हसली, की मी तिला तसं हसताना पाहिलंच नव्हतं. वितळलेल्या बर्फाचं पाणी वहिनी घमेल्यात धरून कढीपत्त्याला घालायच्या. म्हणायच्या, "टँकर येईना, पण आमच्या झाडाला बर्फ मिळतोय. लई लाडाचं हाय."

कॉलनीचं मात्र आमच्यावर लक्ष होतंच. आमच्याकडं दार लावून पाच-दहा माणसं बसली की त्याचा एकच अर्थ होतो, राजकारण. एक दिवस संघाच्या चेअरमननी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. "दत्ताच्या घरी काय शिजतंय बे? तू बी जातूस म्हणं." त्यांना नक्की काय माहीत आहे, ते कळेना. मंगलचं नाव, माझं नाव, सगळं गावभर झालेलं डोळ्यांसमोर आलं. आणि त्यांना जे ऐकायचं होतं तेच मी बोललो. "विरोधी पॅनलच्या बैठका, अण्णा. मी बघायलाच गेलतो."

दत्ताला लगेच बोलावलं. मी तिथंच भिंतीला टेकून उभा. अण्णांनी विचारलं, "बैठका होत्या का न्हाई?" त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. खरं सांगितलं असतं तर नोकरी वाचली असती. आम्ही सगळे उघडे पडलो असतो. "हो," तो म्हणाला, "बैठकाच होत्या." त्याला घरी बसवलं. लोक त्याला फुटीर म्हणू लागले. पुढं त्यानं फ्रीज दुरुस्तीचं दुकान टाकलं.

चुगली कुणी केली, याचा आमच्यात संशय सुरू झाला. सगळ्यांनी मास्तराकडं बोट दाखवलं. तो बिचारा बायकोला घेऊन यायचाच थांबला, आणि मी गप्प राहिलो. दत्ता म्हणाला, "कुणी सांगितलं ते हुडकायचं न्हाई. हुडकलं की घर संपलं." मंडळी कमी झाली, पण रविवार मोडला नाही. मी पुढंही जात राहिलो. तो हसला की वाटायचं, याला माहीत आहे. नाही हसला की वाटायचं, नक्कीच माहीत आहे. इतक्या वर्षांत त्यानं एकदाही विचारलं नाही...

शोकसभेत कुणीतरी बोललंच, "माणूस चांगला, पण संघाशी फितुरी केली." वहिनी खाली बघत होत्या. नंतर मी त्यांना या घराबद्दल लिहू का, असं विचारलं. "लिहा," म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचं नाव नको." मंगलचं मी तिला विचारून घातलं आहे. मग वहिनींनी कपाटातून ते घुंगरू काढून माझ्या हातात दिलं. "हे तुमाला द्या म्हणले होते." का, ते मी विचारलं नाही. ते आता माझ्या टेबलावर आहे. लिहिताना मुठीत धरतो, घामानं ओलं होतं.

दत्ता फितूर नव्हता, हे मी इथं लिहिलं. पण हे छापून येण्याआधी वहिनींच्या समोर बसून आणि मास्तराच्या दारात जाऊन, ते वाक्य माझं होतं, हे तोंडानं सांगायचं राहिलं आहे. एवढं देणं माझ्याकडं बाकी आहे.