आपल्यात म्हणजे कोणात?

मूल गावात रीताबाई पेझारकरांची खानावळ शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. राइस मिलकडे पाठ करायची आणि रश्श्याचा वास येईल तिकडे चालायला लागायचे. वास आलाच नाही तर समजावे, आज शनिवार आहे.

शनिवारी रीताबाईंची चूल पेटत नाही. पालकमंत्र्यांचा दौरा असो की कोणाच्या मुलीचे लग्न, शनिवार म्हणजे बंद. दुसरी भानगड माशांची. आमच्याकडे तलावातली मागूर म्हणजे बाळंतिणीपासून आमदारापर्यंत सगळ्यांवर चालणारा इलाज. रीताबाई तिला उंबरठ्याच्या आत घेत नाहीत. वांब नाही, झिंगे नाहीत. अंगावर खवले असतील त्याच माशाने आत यावे. मटणाच्या ताटात दही मागणाऱ्या एका बड्या साहेबाला त्यांनी भरल्या ताटावरून उठवले होते. तोही बिचारा उठला, कारण मूलमध्ये तसे मटण दुसरीकडे मिळत नाही.

"काऊन बाई?" असे कोणी विचारले की एकच उत्तर: "आपल्यात नसते."

आता आपल्यात म्हणजे कोणात, हे खुद्द रीताबाईंनाही माहीत नव्हते. आजोबा मुसाजी कोकणातून छोट्या रेल्वेवर गार्ड म्हणून आले आणि तरुणपणीच वारले. आजीला सगळे ठाऊक होते, पण ती कारण देणाऱ्यांतली नव्हती, हुकूम देणाऱ्यांतली होती. मुलगा दावूजी याच्यासाठी तिने कुठूनशी आपल्यातली बायको शोधून आणली. रीता दोन वर्षांची असताना ती गेली. दावूजी अबोल माणूस. काही विचारले की म्हणायचा, "मायले माहीत." रीताला नवरा आपल्यातलाच पाहा, असे दावूजीला बजावून आजीही गेली. कोणाच्यात पाहायचा, ते सांगायचे राहून गेले. रीताबाई बावन्न वर्षांच्या झाल्या. स्थळे पुष्कळ आली, पण सगळी त्यांच्यातली.

आम्हा मूलकरांना माणसाच्या मनात काय आहे ते कळले नाही तरी चालते. जात कळली नाही की जेवण पचत नाही. त्यामुळे आम्ही आपापल्या परीने उत्तरे काढली होती. शनिवार बंद, म्हणजे मारुतीचा नवस. मेलेल्यांना पुरतात, म्हणजे लिंगायत. आजोबा मुसाजी, म्हणजे अर्थ उघडच. शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या पेल्यात तेलाची वात लावतात, म्हणजे संतोषीमाता. एकाच बाईत एवढे धर्म सुखाने नांदताना पाहून आम्हाला गावाच्या सलोख्याचा अभिमानही वाटत असे.

घरात एकच दुखणे होते, ते मैनाआत्याचे. दावूजीची ही ऐंशी वर्षांची बहीण गल्ल्याशेजारी खाटेवर बसून जेवणाऱ्यांवर लक्ष ठेवते. बारा वर्षांपूर्वी दावूजी गेला तेव्हा मातीला अख्खी गल्ली लोटली होती, आणि आत्याने एकच धोशा लावला होता: "दहा माणसं लागतात."

"आत्या, दोनशे उभे आहेत न!"

"तसे नाई. आपले दहा. ते काहीतरी म्हणतात."

काय म्हणतात, ते तिलाही आठवत नव्हते. आपल्या बापाच्या वेळी दहा जमले नाहीत म्हणून माय भिंतीकडे तोंड करून रडली होती, एवढेच तिच्या लक्षात होते. दावूजी गेल्यापासून दर शुक्रवारी वात लावली की आत्या म्हणायची, "दावू तसाच गेला वं." आणि अलीकडे त्यात भर पडली होती: "मी मेल्यावर त्याले तोंड काय दाखवू?" रीताबाईंचे त्यानंतरचे जेवण ताटातच राहायचे.

मागच्या हिवाळ्यात ठाण्याचे एक जोडपे ताडोब्याला आले. बेंजामिन झिराडकर, बँकेतून निवृत्त, आणि त्यांच्या पत्नी सिपोरा. वाघ दिसला नव्हता, त्यामुळे दोघे एकमेकांवर रागावलेले. शुक्रवारी दुपारी ते खानावळीत टेकले.

"मासा कोणता आहे?" झिराडकरांनी संशयाने विचारले. "मागूर-बिगूर असेल तर नको."

"इथी मिळतच नाई."

"का?"

"आपल्यात नसते."

सिपोराबाईंचा हात पाण्याच्या तांब्यावर थांबला. "बाई, मटणासोबत दही देता?"

"छे!"

"उद्या उघडं असतं?"

"शनिवारी चूल नाई पेटत आपल्यात."

"अहो!" सिपोराबाईंनी नवऱ्याला असे हलवले की त्याला वाटले वाघच आला. "अहो, ह्या आपल्यातल्या!"

मग सगळा उलगडा झाला. बेने इस्राएल. यहुदी. शनिवारी काम नाही, शुक्रवारी सांजेला वात, बिनखवल्याचा मासा नाही, मटणासोबत दूधदही नाही, हा त्यांचा धर्मच. शेकडो वर्षांपूर्वी गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागलेली माणसे. तिथे त्यांनी तेलाचे घाणे टाकले, शनिवारी बैल सोडून ठेवले आणि लोकांनी नाव दिले शनिवार तेली. पेझारी गावचे ते पेझारकर, झिराडचे ते झिराडकर. रीताबाई खुर्चीवर बसून ऐकत होत्या. गिऱ्हाइकांसमोर त्या बसलेल्या आम्ही प्रथमच पाहिल्या. आपल्या घराण्याची एवढी मोठी गोष्ट ऐकून त्यांनी विचारले ते एवढेच:

"ते दहा माणसं काय म्हणतात?"

"कद्दिश," झिराडकर म्हणाले. "मेलेल्यांच्या नावाने म्हणायची प्रार्थना. मला पाठ आहे. पण दहा पुरुष लागतात."

"दहा पायजेत! मी कवाची सांगून राह्यली!" आत्या खाटेवरून ओरडली.

ही बातमी संध्याकाळपर्यंत मूलभर झाली. तेली समाजाचे तालुकाध्यक्ष श्रीहरीभाऊ शाल आणि नारळ घेऊन आले. "बाई, तुमी तं आपल्याच निघाल्या! येत्या मेळाव्यात सत्कार." गलबत, इस्राएल वगैरे मधले तपशील त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिले होते. रीताबाईंनी नारळ ठेवून घेतला आणि शाल परत केली.

खरा पेटला तो प्रफुल. सभेला माणसे पुरवणे हा प्रफुलचा धंदा आणि छंद. "बाई, दहाच? मी टेम्पोनं माणसं आणणारा माणूस! उद्याच उभे करतो."

"उद्या शनिवार."

"मंग परवा."

रविवारी सकाळी अंगणात दहा पुरुष रांगेत उभे होते. डोके झाकायचे असते हे कुठूनतरी समजल्यामुळे प्रफुलने सगळ्यांना टोप्या दिल्या होत्या. त्या तीन वेगवेगळ्या पक्षांच्या होत्या आणि चिन्हे आतल्या बाजूला केली होती. मासे पुरवणारा कोलू ढिवर अंघोळ करून आला होता, यावरून प्रसंगाचे गांभीर्य लक्षात यावे.

झिराडकरांनी रांगेवर नजर टाकली. "हे चालत नाही हो. दहाही जण आपल्यातले लागतात."

"साहेब," प्रफुल समजुतीच्या सुरात म्हणाला, "हा बिरजू गेल्या निवडणुकीत सकाळी एका पक्षात होता अन् जेवून दुसऱ्यात. दुपारपुरतं तुमच्यात याले त्याले काय जड आहे?"

"नियम आहे."

"अहो, म्हणून टाका," सिपोराबाई हळूच म्हणाल्या. "म्हातारीला काय कळतंय?"

झिराडकर विरघळायला लागले होते. त्यांनी खिशातून आपली छोटी टोपी काढली. आत्याने खाटेवर हात जोडले. दहाजणांनी सभेतल्यासारखी छाती काढली. एवढ्यात रीताबाई मध्ये आल्या.

"थांबा भाऊ. नका म्हणू."

ज्या बाईने आयुष्यभर अर्थ माहीत नसताना मागूर शिवली नाही, आणि त्यापायी नवराही केला नाही, तिला आज अर्थ कळल्यावर बिनखवल्याचे दहाजण चालणार कसे? त्या आत्याच्या पायाशी बसल्या. "आत्या, हे आपले नाहीत. तुले फसवून दावूबाबाचं होणार नाई."

आत्याने डोळे वटारले. "मले दिसत नाई का? तो कोलू आहे, तो बिरजू आहे. मले वाटलं, तुमीच बुद्दू बनून राह्यले." मग तिचा आवाज खाली गेला. "पण बाप्पा, दुसरे आणू कोठून?"

माणसे कमी पडण्याची प्रफुलच्या कारकिर्दीत ही पहिलीच वेळ होती. झिराडकरांनी टोपी पुन्हा खिशात घातली. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसासारखे त्यांनी शेवटी कामाचे विचारले: "तुमच्या वडिलांचं नाव दावूजी मुसाजी ना? सिपोरा, आपल्या प्रार्थनालयात गुरुवारी सकाळी किती जमतात?"

"तुम्ही वेळेवर उठलात तर दहा."

गुरुवारी झिराडकर वेळेवर उठले. मूलमध्ये खानावळीच्या टेबलावर प्रफुलचा मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता आणि पडद्यावर ठाण्याचे दहा पुरुष दाटीवाटीने दिसत होते. आत्याने बोट लावून ते मोजले. मग समाधान न झाल्याने रीताबाईंकडून मोजून घेतले. इकडे आमचे टोपीवालेही मागे येऊन उभे राहिले होते. आता मोजणीत नाही, नुसते दावूजीसाठी.

झिराडकरांनी आधी मराठीत नाव घेतले: दावूजी मुसाजी पेझारकर, मुक्काम मूल. मग ती अनोळखी भाषा सुरू झाली. तिकडच्यांनी आमेन म्हटले की इकडचे असे जोरात आमेन म्हणत, की राइस मिलमधले हमाल बाहेर येऊन पाहू लागले. रीताबाईंना पदर पुरेना. बारा वर्षांत त्या बापासाठी रडल्या नव्हत्या. बहुधा पुरे दहा होईपर्यंत थांबल्या होत्या.

प्रार्थना संपली. ठाण्याचे लोक पिशव्या उचलायला लागले, एक-दोघांनी घड्याळ पाहिले.

"ओ झिराडकरभाऊ!" आत्या मोबाइलवर वाकली. इतकी, की तिकडे फक्त तिचे कपाळ दिसत असणार. "जाता कुठी? आता माह्या बापाचं घ्या. मुसाजी."

त्यांनी घेतले.

"आता मायचं."

तेही घेतले.

"आता या रीताच्या मायचं. पोर दोन वर्षांची होती बिचारीची."

ठाण्याच्या लोकांना कामे होती, कोणाला डॉक्टरांकडे जायचे होते. पण त्यांनी पिशव्या परत खाली ठेवल्या आणि आत्या पुढची नावे आठवू लागली.