तिरका पाऊस आणि चाचांचा पाय

नव्वदच्या दशकात मी टेलिफोनच्या बारामती-इंदापूर मायक्रोवेव्ह लिंकवर तंत्रज्ञ होतो. लोणी भापकरच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला बीएस्सी. हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो. आणि आमच्या तिथल्या साहेबांवरचा माझा रागही आजवर गेलेला नाही.

दोन टॉवरांवर दोन डिश, तोंडाला तोंड. एकाच फ्रिक्वेन्सीवर आम्ही बोलणं वाहून नेणाऱ्या दोन वाटा चालवायचो. एकीचे तरंग उभे डोलायचे, दुसरीचे आडवे. उभं आणि आडवं वेगळं राहिलं की एक वाट दुसरीत घुसत नाही.

परतीचा पाऊस हे सगळं बिघडवायचा. मोठा थेंब पडताना गोल राहत नाही, भाकरीच्या गोळ्यावर तळवा दाबावा तसा चपटा होतो. त्यामुळं आडवा तरंग जास्त मार खातो. वर वारा सुटला की चपटे थेंब कलतात आणि उभ्यातलं थोडं आडव्यात सांडतं. मग दोन्हीकडं खरखर.

आमच्याकडं यावर एकच इलाज होता. चाचांना वर चढवायचं. चाचा इंदापूरचे, रोजंदारीवरचे. कमरेला दोर बांधून भर पावसात ते डिशच्या तोंडचा फीड, म्हणजे तरंग सोडणारं-झेलणारं नळकांडं, पान्यानं केसभर फिरवायचे. ते उतरेपर्यंत पाऊस ओसरलेला असायचा, आवाज साफ. साहेब म्हणायचे, बघा, जमलं. पाऊस थांबला म्हणून जमलं, हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

एकदा पाऊस थांबेचना. चाचा भिजून खाली आले तरी खरखर तशीच. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की याचा पाय लागून डिश हलली, आणि चाचांना म्हणाले, उद्यापासून येऊ नको. मी पावसाचं सांगायला गेलो तर हसून म्हणाले, "आभाळ बघून मेंढरं हाकायची असतात. यंत्र पुस्तकावर चालतं."

"पुस्तकातच हाय हे, साहेब," मी म्हणालो. रागात घरची बोली तोंडात आली, आणि ते आणखीच हसले.

आठवड्याच्या आत पुन्हा तसाच तिरका पाऊस आला, तीच खरखर. साहेब टॉवरखालच्या यंत्राच्या खोलीतच बसलेले. मला म्हणाले, तू चढ. टॉवरच्या जाळीच्या दाराची किल्ली माझ्याकडं होती. ती मी खिशात घातली.

"कुणी चढणार नाही. चाचा तर घरी बसलेत. आज पाय कुणाचा लागला?"

नोकरी जाईल असं वाटलं होतं. जाऊ दे म्हटलं. साहेब सिग्नल दाखवणाऱ्या मीटरच्या काट्याकडं बघत राहिले. पाऊस उणावला तसा काटा आपोआप जागेवर आला. पान्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. साहेबांनी चहा मागवला. दुसऱ्या दिवशी चाचांना निरोप गेला की कामावर या. चूक झाली, एवढे दोन शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

चाचा आले, टॉवरच्या शिडीला हात लावून उभे राहिले. मला हळूच विचारलं, "दादा, खरं सांगा. माझा पाय लागला नव्हता ना?"

तेवढ्या दिवसांत त्यांना स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं.

"न्हाय लागला, चाचा."

त्यांनी मान हलवली. पण पुढं जेव्हा जेव्हा ते वर गेले, तेव्हा डिशपासून पाय आखडून उभे राहिले. साहेबांची बदली झाली. ते हे कधीच विसरले असतील.