अक्काचं बाळंतपण आणि माझे विंचू

आमच्या घरात भित्र्या माणसाचं उदाहरण द्यायचं झालं तर कोणाला लांब जावं लागत नाही. मी हाताशीच असतो. लग्नकार्यात पोरंसोरं भोवती जमली की माझी भाची मुद्दाम काडी लावते, "मामा, ते विंचवाचं सांगा ना." तिला ती गोष्ट आवडते, कारण ती त्यात आहे. मला आवडत नाही, कारण मीही त्यात आहे.

साठ सालानंतरची गोष्ट. मी धुळ्याला कॉलेजात सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. प्राणिशास्त्राच्या सरांनी एक दिवस तास संपल्यावर आम्हा काही जणांना थांबवून घेतलं. दिल्लीहून एक योजना मंजूर झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी खरं संशोधन करायचं, सर मार्गदर्शन करणार, आणि वर सरकार दरमहा पैसे देणार. सुट्टीत घरी जाऊन केळीला पाणी भरण्याचे पैसे आजवर कोणी दिले नव्हते. मी विषय न विचारताच हात वर केला.

विषय विंचू होता.

"तू शहाद्याकडचा ना?" सर खूश झाले. "तापीकाठचा? मग तुझ्याकडे बरड माळ असेल, दगड असतील. विंचवांना काय तोटा!"

तोटा नव्हता, हे मला कोणी सांगायला नको होतं. आमच्या गल्लीतला एक चांगला धावतापळता मुलगा सकाळी लाल विंचू चावून संध्याकाळी गेला होता. काळी इंगळी दिसायला राक्षसासारखी, पण ती रडवते आणि सोडून देते. लाल विंचू बोटाएवढाही नसतो, पण लहान लेकराला तो चावला तर त्या काळी आमच्याकडे मांत्रिक आणि देव याशिवाय तिसरा इलाज नव्हता. हे सगळं सरांना सांगावं असं फार वाटलं. पण हात वर केलेला होता, आणि शेजारच्या बाकावरच्या मुली बघत होत्या.

सरांनी मला एक लांब चिमटा दिला. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेले दोन पत्र्याचे डबे दिले आणि शिकवलं. डब्यात ओलसर वाळू घालायची, वर फुटक्या मडक्याचं खापर ठेवायचं, म्हणजे विंचवाला सावली मिळते. डबा आतून घासून लख्ख ठेवायचा, कारण गुळगुळीत पत्र्यावर विंचू चढत नाही. पिल्लांची आई असेल तर तिला एकटीला ठेवायचं. "आणि घाबरायचं नाही," असं ते शेवटी म्हणाले. बाकीचं सगळं मी लिहून घेतलं.

महिनाभर मी रोज सकाळी बरडावर जाऊन दगड उलटवत होतो. दगड उलटताना डोळे मिटायची सवय लागली होती, त्यामुळे निम्मे विंचू माझ्या चिमट्यात यायचे आणि निम्मे आपापले निघून जायचे. तरी मोठ्या डब्यात सातआठ काळ्या इंगळ्या जमल्या. आणि जूनच्या सुरुवातीला, कशी कोण जाणे, लहान डब्यासाठी एक लाल मादी मिळाली. तिच्या पाठीवर पांढरी पिल्लं दाटीवाटीने बसली होती, तांदूळ चिकटवावेत तशी. पिल्लं किती, आणि ती आईच्या पाठीवरून कधी उतरतात, हे बघणं हेच माझं खरं काम. सर पुढच्या आठवड्यात एसटीने स्वतः येणार होते.

आईने डबे घरात ठेवू दिले ते एका अटीवर. दोन्ही डब्यांना सुतळी बांधायची, आणि गाठ ती स्वतः ओढून बघणार. डबे मधल्या घरात फळीवर होते, कारण मातीच्या घरात तिथेच गारवा. त्या फळीच्या भिंतीपलीकडची खोली अक्काच्या बाळंतपणासाठी सारवून ठेवली होती. अक्का माझी थोरली बहीण, पहिलटकरीण, म्हणून माहेरी आलेली.

त्या दिवशी मी बरडावरून परतलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पहिल्यांदा काय दिसलं, तर आमचे दोन्ही बैल गल्लीत मोकळे हिंडत होते. गाय शेजाऱ्याच्या ओट्याशी उभी. मी हाकलत हाकलत त्यांना आणलं, तर वडील निंबाखाली बसून होते आणि बैलांकडे बघतही नव्हते.

"आबा, बैल सुटले."

"सुटनात नही. सोडात." वडिलांनी मान वर केली नाही. "अक्काले सकायपासून कळा शेतस. सुटका व्हई नही ऱ्हायनी. तुन्ही आत्यानी बठं उघाडी टाकं."

आमच्याकडे ही रीत होती. बाई अडली की घरात काही बांधलेलं, झाकलेलं, कुलूपबंद ठेवायचं नाही. घर मोकळं झालं की बाईची वाट मोकळी होते. पेट्यांची कुलपं काढायची, धान्याच्या कणग्यांची तोंडं उघडायची, बायकांनी केस सोडायचे, गुरांची दावी सोडायची. यात मला काही नवीन नव्हतं. मी हातपाय धुवायला वळलो.

मग वडिलांचा तो शब्द डोक्यात शिरला. बठं. म्हणजे सगळं.

आत्या त्याच सकाळी तिच्या गावाहून आली होती. डब्यात काय आहे ते घरात सर्वांना ठाऊक होतं, पण तिला सांगायला सवड कोणाला होती?

मी आत गेलो. लोणच्याच्या बरण्या उघड्या, ट्रंका उघड्या, दिव्याच्या कोनाड्यातली काड्यापेटीसुद्धा उघडी. आत्या केस मोकळे सोडून मधल्या घरात उभी होती, हातात उलथनं. फळीवर माझे दोन्ही डबे, झाकणं शेजारी. सुतळ्या खाली पडलेल्या, गाठी सोडून सरळ केलेल्या.

"आत्या, हे डबे तू उघडलेस?"

"मंग कोन उघाडी? कितल्या घट्ट गाठी मारस रे बाबा! त्यामुयेच आडकनी व्हई पोर." तिने लहान डब्याकडे उलथनं केलं. "तो ते निंघतच नव्हता. जोर लावा ते पडना हातमातून आडवा. काही नव्हतं त्यामा. वाळू व्हती मेली. भरी ठेवी दिधी परत."

तिला जवळचं नीट दिसत नसे.

मी मोठ्या डब्यात डोकावलो. इंगळ्या तळाशी शहाण्यासारख्या बसल्या होत्या. सरांचा लख्ख पत्रा खरा ठरला होता. झाकण ठेवलं. मग लहान डब्यात बघितलं. वाळू एका बाजूला ढीग झालेली, त्यावर खापर तिरकं. लाल मादी नव्हती.

भिंतीपलीकडून अक्काचा आवाज आला. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर किती वेळ गेला हे मला सांगता येणार नाही. मी चिमटा घेऊन रांगत होतो. सरांनी सांगितलं होतं, उन्हाळ्यात विंचू गारव्याला जातो, ओलीकडे जातो. पाण्याच्या रांजणाखाली बघितलं. गोधड्या एकेक करून चिमट्याने उचलल्या. घरात ओल अशी दोनच ठिकाणी होती: रांजणाखाली, आणि भिंतीपलीकडे, आदल्याच दिवशी शेणाने सारवलेल्या त्या खोलीत. दाराखाली दोन बोटं फट होती. आणि पलीकडे जमिनीवर, गोणपाटावर, माझी बहीण पडली होती.

पुरुषाने त्या खोलीत जायचं नाही. ओरडून सांगावं, तर अडलेल्या बाईच्या कानात 'विंचू' हा शब्द घालायचा कसा? न सांगावं, तर मग पुढे जन्मभर काय करायचं? मी दाराला तोंड लावून हळूच आईला हाक मारली.

आई दार किलकिलं करून बाहेर आली. केस सुटलेले, कपाळाचं कुंकू घामाने वाहून नाकापर्यंत आलेलं.

"आई, डबा उघडला गेला. लहान."

"लाल?"

"लाल."

"पिल्लासवाली?"

मी मान हलवली. मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने फक्त आत्याकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाली, "हालू बोल. तिले ऐकू जावाले नको. तू आठेच बठ, हाऊ उंबरठा सोडू नको."

दार पुन्हा लागलं. आतून मला सुईणीचा आवाज ऐकू आला, "काय वं, हाई कसाले झाडी ऱ्हायनी?" आणि आईचा, अगदी साधा, "मुंग्या शेतस मायबाई." मग फडकी झटकल्याचा आवाज. एकेक फडकं. बाळासाठी जुन्या लुगड्यांची फाडून ठेवलेली, मऊ, घड्या घातलेली. एकेक.

मी उंबरठ्यावर चिमटा घेऊन बसलो. काय झालंय ते मी आत्याला सांगितलं नाही. नुसतं "काहीतरी हरवलंय" म्हटलं, तर ती तशीच मोकळ्या केसांनी देवापाशी जाऊन बसली. माझ्या पायावरून घामाचा ओघळ गेला की मी उडत होतो. जमिनीवरची प्रत्येक काडी हलल्यासारखी दिसत होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मी पहारा देत होतो तो दाराच्या बाहेर. ती केव्हाच आत गेलेली असेल, तर मी कोणाला अडवत होतो?

अक्का पुन्हा ओरडली, आणि मग मध्येच थांबली. मी मनात विंचूच बघितला, दुसरं काही सुचलंच नाही.

मग बाळ रडलं.

"पोर शे!" सुईण आतून ओरडली. "लक्ष्मी उनी!" बाहेर वडील एकदम निंबाखालून उठल्याचं ऐकू आलं, आणि थोड्या वेळाने ते बैलांवर ओरडायला लागले.

"आते झाका बठं," आई दाराआडून म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा कापला. मला कळलं, तिला अजून काही सापडलेलं नाही. आणि आता आत जपायला दोघी होत्या.

आत्या आनंदाने झाकणं लावत सुटली. बरण्या, ट्रंका. मग ती फळीपाशी आली. लहान डब्याचं झाकण बसेना. खापराचं टोक वर आलं होतं.

"हाई खापर मजार कसाले घालस रे?" असं म्हणत तिने दोन बोटांच्या चिमटीत खापर उचललं.

खापराच्या खालच्या अंगाला ती होती. लाल, उलटी चिकटून, पाठीवर सगळं कुटुंब घेऊन, नांगी वळवून. आत्याच्या अंगठ्यापासून गव्हाच्या दाण्याएवढी दूर. डबा पडला, वाळू सांडली, तरी तिने सावली सोडली नव्हती. सारं घर मी पालथं घातलं होतं, फक्त ते खापर उलटवलं नव्हतं. जिथे ती नसेल अशा सगळ्या ठिकाणी शोधायची माझी तयारी होती.

ओरडलो तर तिचा हात हलणार होता. तोंडातून जे आलं ते कोणा दुसऱ्याचंच वाटलं, थंड, सावकाश. "आत्या. तसंच खाली ठेव. डब्यात. हळू."

"का रे?"

"ओलं आहे ते."

तिने ठेवलं. मी झाकण दाबलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिलो.

आई बाहेर आली. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. "सापडनी?"

"सापडली. डब्यातच होती."

आत्या आमच्याकडे बघत राहिली. "काय व्हती? कोन व्हती?" आईने सांगितल्यावर ती आपल्याच अंगठ्याकडे बघत मटकन खाली बसली आणि मग माझ्यावर उसळली, "तू इच्चू पाळस? घरमा? आनि सरकार तुले पैसा देस?"

तो आरडाओरडा ऐकून वडील चप्पल घेऊन आत आले. आईने त्यांना हातानेच थांबवलं. "आज घरमा काही माराना नही," ती म्हणाली. "ती बी बाळंतीनच शे."

मग तिने जमिनीवरची सुतळी उचलली. मी हात पुढे केला, पण तिने मला दिली नाही. डबा कडेवर घेतल्यासारखा धरून तिनेच सुतळी गुंडाळली, एक वेढा, दुसरा, तिसरा, आणि दातांनी ओढून गाठ मारली. तेव्हा मला दिसलं, की तिचे पाय अनवाणी होते. त्याच पायांनी ती त्या खोलीत विंचू शोधत फिरली होती.

पुढच्या आठवड्यात सर आले. पिल्लं किती, ते अजून मोजायचं होतं. आईने मारलेली ती गाठ मला सुटली नाही, सरांनाही सुटली नाही. शेवटी त्यांना ती चाकूने कापावी लागली.