लाइल ब्रँडव्होल्डचे बावन्न गुण

लाइल ब्रँडव्होल्ड मला पहिल्यांदा दिसला तो मिनेसोटातल्या आमच्या ॲल्डर फॉल्स गावच्या पोस्टात. बाहेर कडाक्याची थंडी, आत बूट आपटत उभी असलेली रांग, आणि हा तिशीतला उंच माणूस बाकावर बसून नुकतंच हाती आलेलं जाड पाकीट फोडून त्यातली पुस्तिका वाचत होता. माझी तिकिटं घेऊन झाली तरी तो तिथेच. मी दाराकडे वळले तसा म्हणाला, "बाई, तुम्ही शाळेत भाषा शिकवता ना? 'कंटाळवाणा' म्हटलं तर जास्त लागतं, की 'रटाळ'?"

"कुणाला लागायला हवंय?"

"गेल्या महिन्यात मी जो खेळ खेळलो, तो ज्यांनी दोन वर्षं खपून केलाय त्यांना. कमी लागावं असं बघतोय."

त्या उत्तरामुळे तो माझ्या लक्षात राहिला.

लाइल दिवसा हायवेवरच्या इमारती लाकडाच्या दुकानात फळ्या कापून द्यायचा आणि उरलेल्या वेळात शिकागोहून निघणाऱ्या एका मासिकात कॉम्प्युटरवरच्या युद्धखेळांची परीक्षणं लिहायचा. या खेळांत बुद्धिबळासारखी आळीपाळीची चाल नसते. दोन्ही फौजा एकाच वेळी धावत असतात. तुम्ही विचार करत बसलात की तुमचं गाव पेटलंच म्हणून समजा. परीक्षणाच्या शेवटी चौकटीत शंभरपैकी गुण छापायचे. पुष्कळ वाचक आधी तो आकडा बघत आणि मग खेळ घ्यायचा की नाही ते ठरवत. लाइल मात्र आकड्याआधीचा मजकूर जीव ओतून लिहायचा. जुना कॉम्प्युटर असलेल्याने घाई करू नये, लढाईत रस नसलेल्याला यातलं गाव वसवणं आवडेल, अशा गोष्टी तो आवर्जून सांगे. वाचक त्याला विश्वासाने पत्रं लिहीत. वखारीतल्या माणसाला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळणार होता?

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा 'साल्ट किंग्डम्स' या गाजलेल्या खेळाची 'लो टाइड' नावाची पुरवणी आली. मूळ खेळाला जोडायचे नवे नकाशे, नव्या मोहिमा, आणि खाडीतून सैनिक नेणारे तराफे. मासिक छापायला दोन महिने आधी द्यावं लागे, म्हणून परीक्षणासाठी खेळाची सीडी दुकानात यायच्या कितीतरी आधी लाइलकडे यायची. सगळ्या गावात, बहुधा सगळ्या मिनेसोटात, ती त्याच्या एकट्याकडेच. मग खेळायचं कुणाशी? कॉम्प्युटरशी. सगळेच परीक्षक तसं करत आणि त्याबद्दल कुणी काही लिहीत नसे.

लाइलने सगळ्या मोहिमा पुऱ्या केल्या, काही दोनदा. त्याने लिहिलं, "हा तराफा म्हणजे बर्फावरून चालणारी गाय आहे. शत्रू त्याला निवांत गाठतो आणि बुडवतो." गुण दिले बावन्न.

अंक आला तेव्हा ते गायीचं वाक्य वाचून मीही हसले होते. पण पुरवणी दुकानात आली आणि महिन्याभरात चित्र पालटलं. इंटरनेटवरच्या परीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. ऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकाने तर ब्याण्णव. आणि सगळे वाखाणत होते ते तराफेच. लाइलचे वाचक विचारू लागले, तुम्ही नक्की हाच खेळ खेळलात का?

"मत वेगळं असू शकतं की," मी त्याला म्हटलं.

"मत वेगळं असेल तर मी भांडेन, बाई. पण त्यांना जे दिसलं ते मला दिसलंच नाही. ते काय आहे हे कळल्याशिवाय मी पुढचा शब्द कसा लिहू?"

त्याची थोरली बहीण आर्लिस शाळेची बस चालवायची. मूळ खेळ ती त्याच्याबरोबर खेळत आलेली. शनिवारी दुपारी ल्यूथरन चर्चच्या तळघरात दोघांनी आपापले कॉम्प्युटर आणून लांब टेबलांवर पाठीला पाठ लावून मांडले आणि मधे केबल जोडली. मी कॉफी आणि लिंबाच्या वड्या घेऊन गेले होते.

"ए लाइल, रडायचं नाही हं," आर्लिस म्हणाली.

"तू आधी माउस सरळ धर. बसचं स्टिअरिंग नाही ते."

थोड्या वेळाने खाडीच्या उत्तरेकडून तिचे सहा तराफे निघाले. लाइलने ते पाहिले आणि सारी फौज उत्तर किनाऱ्यावर नेऊन उभी केली. तराफे रांगत रांगत येत होते. तो खुर्चीत मागे रेलला. "ये, ये. सगळे बुडवतो."

"बुडव ना. घाई कुणाला आहे?"

पहिला तराफा बुडाला. त्यात कुणीच नव्हतं. दुसराही रिकामा. तेवढ्यात दक्षिणेकडून त्याच्या गावाची घंटा वाजू लागली. आर्लिसचं सगळं सैन्य दलदलीतून चालत येऊन त्याच्या कोठारांत शिरलं होतं.

"रिकामे?" लाइल म्हणाला. "सहाच्या सहा?"

"मग काय! पत्त्यांतसुद्धा तू असाच फसायचास. आई म्हणायची, या पोराला कुणीही लंगडा घोडा विकेल."

लाइल हसला नाही. त्याने पडद्यावरच्या उरलेल्या तराफ्यांवर एकेक करून बोट ठेवलं. मग म्हणाला, "कॉम्प्युटर फसत नाही गं. तराफ्यात माणसं आहेत की नाहीत ते त्याला आधीच ठाऊक असतं. मी इतके दिवस ज्याला फसवताच येत नाही त्याच्याशी खेळत होतो. हा सगळा खेळ माणसाला हुलकावणी द्यायचा आहे, आणि मी तो माणसाशी खेळलोच नाही."

"मग लिही तसं," आर्लिस वडी उचलत म्हणाली. "त्यात काय एवढं?"

पण त्यात बरंच काही होतं. छापलेले गुण बदलायचे नाहीत, हा त्या धंद्यातला पक्का रिवाज. संपादक कॉवाल्चिक फोनवर काय म्हणाले ते लाइलने मला त्यांच्याच आवाजात ऐकवलं. "लाइल, राजा, एक आकडा चुकला म्हटलं की वाचक बाकीच्या हजारांकडे संशयाने बघणार. शिवाय तू एकट्याने खेळलास असं लिहिलंस तर आम्हा सगळ्यांचीच पंचाईत. गप्प बस. दोन महिन्यांत विसरतील लोक."

"आकडा राहू द्या तसाच. कसा दिला ते सांगतो," लाइल त्यांना म्हणाला होता.

"सांगितलंस तर मोठे खेळ तुझ्याकडे पाठवणं मला कठीण जाईल. हे आत्ताच बोलून ठेवतो."

तरी त्याने लिहिलंच. तो मजकूर घेऊन लाइल माझ्याकडे आला तेव्हा मी नुसतं वाचलं. दुरुस्त करायला काही नव्हतं. मी ही पुरवणी फक्त कॉम्प्युटरशी खेळलो आणि ते तुम्हाला सांगितलं नाही, असं पहिलंच वाक्य होतं. पुढे तराफ्यांचं कौतुक होतं, आणि ते बनवणाऱ्यांची माफी. मोहिमा मात्र अजूनही कंटाळवाण्याच वाटतात, हेही त्याने ठेवलं होतं.

"यानंतर तुझ्याकडे पाकिटं यायची बंद झाली तर?" मी विचारलं.

"तर वाईट वाटेल," तो म्हणाला, आणि टोपी घालून पोस्टात गेला.

कॉवाल्चिकांनी मजकूर निम्मा कापून वाचकांच्या पत्रांच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात छापला. आणि शब्दही पाळला. त्यानंतर लाइलकडे युद्धखेळ आला नाही. मासेमारीचे खेळ आले, एकदा बोलिंगचा आला. मासेमारीच्या खेळाचं परीक्षण लिहायला तो आर्लिसला शेजारी बसवायचा आणि 'बहिणीबरोबर खेळून' असं वर लिहायचा. चार वर्षांनी मासिकच बंद पडलं.

लाइल आता कुठे लिहीत नाही. तो हायवेवरच्या त्याच दुकानात रंगांच्या विभागात असतो आणि गिऱ्हाइकांना हव्या त्या छटा मिसळून देतो.