दार उघडंच हाय

मध्यंतरी तुरुंगावरचा एक मराठी सिनेमा आला आणि त्यातलं एक वाक्य बीडभर झालं. जेलर फाटक सताड उघडं टाकतो आणि पळायला टपलेल्या कैद्याला हसून म्हणतो, "दार उघडंच हाय." कैद्याचे पाय काही हलत नाहीत. हे वाक्य रिक्षांच्या पाठीवर आलं, क्लासवाल्यांच्या फलकांवर आलं. आमच्या शाळेतल्या एका सरांनी तर परिपाठात ते आत्म्याला उद्देशून आहे असं मुलांना समजावलं. मी गालातल्या गालात हसत होतो. कारण ते वाक्य माझ्या मामीचं होतं आणि सिनेमा लिहिणाऱ्याला ते मीच फुशारकीनं सांगितलं होतं.

बांधाच्या भांडणात मामाच्या हातून माणूस गेला. मामा तेरा वर्षं आत होते. सुटून नेकनूरला आले ते भर दुपारी, आणि स्वतःच्याच दारासमोर नुसते उभे राहिले. तुरुंगात दार आपल्या हातानं उघडायचं नसतं. दुसरं कोणी उघडतं, मग आपण हलायचं. ती सवय हाडात मुरलेली. शेवटी मामी आतून म्हणाली, "दार उघडंच हाय." मग मामा आत गेले. येईल त्याला मामा हे सांगत आणि वर म्हणत, बाईनं माझ्यासाठी दार उघडं ठेवलंतं. ऐकताना दर वेळी मला मामीच्या पाया पडावंसं वाटे.

दोघांना मी बीडला दुपारच्या खेळाला नेलं. ते वाक्य आलं तशा शिट्ट्या पडल्या. मामा डोळे पुसत हसले. मामी मात्र तोंडाला पदर लावून खाली बघत बसली. आपलं बोलणं त्या मेल्या जेलरच्या तोंडी घातलं म्हणून रागावली असेल, असं मला वाटलं. माझंच चुकलं होतं. दुसऱ्याच्या घरची गोष्ट मी परस्पर वाटून टाकली होती.

परतताना मांजरसुंब्याला उतरलो. नेकनूरच्या गाडीला वेळ होता. मामा धाब्यावर चहा सांगायला गेले तशी मी मामीची माफी मागितली. ती म्हणाली, राग कसला, लाज वाटली. मग हळूच म्हणाली, "उघडं कुठलं रे. आतून कडी घातलती मी."

मामीनं सगळं सांगितलं. दोन्ही लेकी तिनं एकटीनं वाढवल्या, उजवल्या. गावाचे टोमणे एकटीनं झेलले. आता ह्यांना घरात घ्यायचंच नाही, असं तिनं पक्कं केलं होतं. अंगणात पाऊल वाजलं तशी तिनं उठून कडी घातली. "दार वाजवलं असतं तर मी मेले तरी उघडलं नसतं. पण वाजवीनातच. लई येळ तसेच उभे. ते बघवंना." मग तिनं आवाज न करता कडी काढली आणि दार उघडंच असल्याचं खोटं सांगितलं. त्यांना कळू देऊ नको, म्हणाली. त्या एका बोलण्यावर माणूस जगतोय.

मामी हात धुवायला नळाकडे गेली आणि मामा चहा घेऊन आले. माझ्या पोटात काही राहत नाही, हा माझा जुना रोग. मी विचारलंच, त्या दिवशी दार खरंच उघडं होतं का?

मामांनी ग्लास खाली ठेवले. नळाकडे एकदा बघून घेतलं.

"तेरा वर्षं कड्यांचेच आवाज ऐकले रे मी. ती लागली ते बी ऐकलं अन् निघाली ते बी."

एवढी वर्षं हा माणूस सगळं जाणून होता. मग लोकांना उघडं होतं असं कशाला सांगता, मी विचारलं.

"ती म्हणली ना, उघडंच हाय म्हणून."